मांजरेकाठचा माणूस

“माकडाचं हाय म्हणून सांगा तहसीलदाराला. विषय संपला,” दिगूअण्णा म्हणाला आणि त्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला.

चहा आमचा, बशी आमची, तो बसला होता ती खुर्चीसुद्धा आमचीच. छावणीत खुर्च्या दोनच होत्या. दुसरीवर धुतलेली हाडं वाळत घातली होती, म्हणून केळुसकर सर उभे होते आणि त्यांच्यामागे मीही उभी होते.

“माकडाचं नाही ते,” सर म्हणाले.

“मंग वानराचं म्हणा.”

“वानराचंही नाही. आणि माकड वेगळं, वानर वेगळं, दिगंबरराव. लाल तोंडाचं ते माकड. काळ्या तोंडाचं आणि लांब शेपटीचं ते वानर. तुमच्या गावच्या पिंपळावर बसतात ती वानरं.”

दिगूअण्णानं पुतण्याकडं पाहिलं. पुतण्या धनराज तंबूच्या दोराला टेकून उभा होता आणि त्याच्या हातात आमचाच घण होता. आल्या आल्या अवजारांच्या ढिगातून त्यानं तो सहज उचलला होता, पाहुण्यानं टोपलीतली काकडी उचलावी तसा.

“काका, ह्यो तर शाळा घ्यायलाय आपली,” धनराज म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. डॉ. सदानंद केळुसकर यांना चुकीचं नाव ऐकवत नसे. भाजीवालीनं घेवड्याला वाल म्हटलं तर हे रस्त्यात उभे राहून तिला फरक समजावत. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, एकदा तर स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याच्या तेराव्याला त्यांनी कुणाची तरी चूक सुधारलेली आहे. माणूस सोन्यासारखा, पण या खोडीपायी चारचौघांत जीव नकोसा करून सोडायचा. मी त्यांची विद्यार्थिनी, अनसूया टेकाळे. तेव्हा माझं पीएच.डी.चं काम चालू होतं आणि लातूरच्या अलीकडं पलीकडं मांजरा नदीचे काठ आम्ही दर हिवाळ्यात उकरत होतो.

काठ म्हणजे गोटे आणि वाळू चुन्यानं घट्ट होऊन झालेली उंच दरड. तिच्यातून आम्हाला जुन्या हत्तींचे दात मिळाले होते, पाणघोड्याचा जबडा मिळाला होता, रानम्हशींची शिंगं तर ढिगानं. सर वाट बघत होते ती माणसाची. आपल्यासारख्या माणसाची नव्हे, आपल्याआधीच्या. आमची उमेद संपत आली असताना त्या वर्षी एका सकाळी माझ्या खुरपीला काहीतरी गोल लागलं. कवटीचा वरचा भाग होता तो, भुवयांच्या जाड कंगोऱ्यापासून मागं मानेच्या उंचवट्यापर्यंत. चेहरा नाही, जबडा नाही, दात नाहीत. आतली पोकळी वाळू आणि चुनखडीनं भरून दगड झालेली. नवख्या माणसाला दाखवली असती तर फुटक्या मडक्याचं बूड म्हणून त्यानं फेकून दिली असती. सरांनी ती हातात घेतली आणि जमिनीवरच मांडी घातली. बराच वेळ ते उठलेच नाहीत.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही आणि आदल्या दिवशी तहसीलदार येऊन गेले. भला माणूस, पण कातडी बचावून वागणारा. ते म्हणाले, जनावराचं हाड असेल तर मी दरडीचा वाळूउपसा थांबवू शकत नाही, वरून मलाच विचारणा होईल. पण माणसाचं असेल, इतक्या जुन्या माणसाचं, तर उद्या संध्याकाळी येतो, मला स्पष्ट सांगा. पुढची तपासणी होईपर्यंत एक पाटीसुद्धा उचलू देणार नाही.

वाळूचा ठेका दिगूअण्णाचा, म्हणजे दिगंबर शिराळेचा. नदीतली वाळू त्यानं खरवडून संपवली होती. आता त्याचं पोकलेन दरडीच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं. कवटीचा मालक उरलेला असलाच तर तो त्याच दरडीत होता, आमच्या खड्ड्यापासून हातभर आत. जबडा मिळाला असता, मांडीचं हाड मिळालं असतं. ते पोकलेन एकदा फिरलं की सगळं कुणाच्या तरी बंगल्याच्या स्लॅबमध्ये जाणार होतं. म्हणून सर संध्याकाळची वाट बघत होते आणि त्याच संध्याकाळच्या आत आपलं काम उरकायला दिगूअण्णा दुपारीच आला होता. छावणीतली बाकीची माणसं बाजाराला गेली आहेत, हे त्याला ठाऊक असणारच.

“मला एक सांगा, सर,” दिगूअण्णानं बशी खाली ठेवली. आवाज गोड होता. “माणूस माणूस म्हणायलाव, तर कशावरून माणूस? बोलत व्हता का त्यो?”

“सांगता येत नाही.”

“कपडे घालत व्हता?”

“बहुतेक नाही.”

“देव मानत व्हता?”

“कल्पना नाही.”

“मंग वानरात आन् त्याच्यात फरक काय ऱ्हायला?”

मला कबूल करायला हवं, माणूस अडाणी नव्हता. विद्यापीठातल्या कितीतरी लोकांना हा प्रश्न इतका नेमका विचारता येत नाही. सरांचे तर डोळेच चमकले. समोर घण आहे, घण धरलेला पोरगा आहे, हे सगळं विसरून ते सांगू लागले. कवटीत मावणारा मेंदू किती मोठा, कपाळ कसं उतरतं, सगळ्यात जाड हाड कुठं आहे. म्हणून प्रजाती, म्हणजे जातींचं मोठं कूळ, ‘होमो’, अर्थात माणूस, यात शंका नाही. जात मात्र नवी आहे, आजवर कुणी न पाहिलेली.

“नवी नाही,” मी म्हणाले. “इरेक्टस आहे, आधीच माहीत असलेली जात.”

“टेकाळे, मागचा उंचवटा बघ.”

“बघितलाय सर. इरेक्टसमध्ये बसतो तो. तुम्हाला नवं नाव द्यायचंय म्हणून बसत नाही.”

आज हे लिहिताना हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. मार खायच्या आधी पाच मिनिटं आम्ही दोघं त्या दोघांच्या देखत तावातावानं भांडत होतो. आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. एक सगळे फरक वेगळे काढून प्रत्येकाला वेगळं नाव देणारा, दुसरा सगळ्यांना एका नावाखाली गोळा करणारा. सर पहिल्यातले, मी दुसऱ्यातली. चार वर्षं आमचं हेच चाललं होतं आणि सवयीपुढं प्रसंग कसला ते आम्हाला सुचलंच नाही.

दिगूअण्णा खो खो हसला. “म्हंजी मरून लाख वर्षं झाली तरी त्याची जात इचारायलाव तुमी. आन् तीबी ठरंना. तुमच्या दोघांचंच एकमत न्हाई आन् आमची दरड बंद?”

“दरड बंदच राहणार,” सर म्हणाले. “जातीबद्दल आमचं भांडण आहे. माणूस आहे याबद्दल नाही.”

दिगूअण्णाचं हसू तिथं संपलं. तो उठला, धोतराचा सोगा झटकला आणि बाजूला झाला.

धनराजनं आधी खुर्चीवरची हाडं उडवली. एका लाथेनं ती खुर्ची, हाडं, ब्रश, बरण्या सगळं गोट्यांवर जाऊन पडलं. मी ओरडले की हाडांना हात लावू नकोस, आणि त्याचा उलटा पंजा माझ्या तोंडावर बसला. मी आयुष्यात तोवर मार खाल्ला नव्हता. आधी दुखत नाही, नुसतं ऐकू येत नाहीसं होतं. मग तोंडात खारट आणि कडक असं काहीतरी आलं. तो माझा दात होता.

सर मध्ये आले. साठीच्या उंबरठ्यावरचा बारकेला माणूस, त्यानं धनराजची कॉलर धरली. धनराजनं त्यांना एखाद्या पोत्यासारखं खाली बसवलं, त्यांचा उजवा हात पाट्यासारख्या सपाट दगडावर दाबला आणि घणाच्या दांड्यानं मनगटावर मारलं. काडकन आवाज आला. सरांनी श्वास आत ओढला तो किती वेळ बाहेरच आला नाही.

“माकड म्हणा, सोडतो,” दिगूअण्णा शांतपणे म्हणाला.

सरांनी मान हलवली.

“मंग ते हाडकूच ऱ्हायला नको. बघ रं, कुठं ठेवलंय.”

धनराज तंबूत शिरला. आत त्यानं काय काय फोडलं ते आवाजावरून कळत होतं. मला धडकी भरली होती, पण आतून एक समाधानही होतं. कवटी तंबूत नव्हतीच. ती माझ्या पायाशी, प्लॅस्टरच्या घमेल्यात होती. खालच्या बाजूला प्लॅस्टरचं कवच चढवून मी ती ओल्या गोणपाटाखाली झाकली होती. घमेल्याला राड लागलेली, वर गोणपाट. त्याच्याकडं कोण बघतंय?

धनराज बाहेर आला तो हातात एक कवटी घेऊन. छोटी, पांढरी, दातांसकट अखंड, डोळ्यांच्या खोबणी समोर. तुलनेसाठी आम्ही जवळ बाळगत असू ती. कुणीही पाहून म्हटलं असतं की हाच तो. धनराजनं ती दगडावर ठेवली आणि घण उचलला.

“ह्योच ना तुमचा माणूस?”

मी डोळे मिटून घेतले. फोड म्हटलं मनात, फोड आणि जा.

“ते वानर आहे,” सर म्हणाले. “आणि ते आत्ताचं आहे. ठेव ते.”

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मीच सरांचं दुसरं मनगट मोडलं असतं. वेदनेनं त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, घाम निथळत होता, आणि तरी कुणीतरी वानराला माणूस म्हटलं एवढं त्यांच्या कानाला सोसलं नाही. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी घमेल्याकडं पाहिलं, आणि दिगूअण्णा आम्हा दोघांकडं बघत होता.

त्यानं स्वतः येऊन गोणपाट बाजूला केलं.

“ह्ये?” तो म्हणाला. “ह्या खापरापायी एवढा तमाशा?”

मी घमेल्यावर आडवी पडले. धनराजनं माझ्या वेणीला धरून मला बाजूला ओढलं आणि पाठीत गुडघा घालून दाबून धरलं. दिगूअण्णानं कवटी उचलून त्या सपाट दगडावर ठेवली. प्लॅस्टरमुळं ती न डुगडुगता बसली, ओट्यावर पातेलं बसावं तशी.

“आता नीट ऐका सर. मला बी शिकलेल्या माणसाला मारायची हौस न्हाई. तहसीलदार आल्यावर माकड म्हणा. ह्ये तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाईल, घरी न्या, कपाटात ठिवा. न्हाईतर आत्ता भुगा करतो. मंग सांगा त्याला माणूस म्हणून. दाखवणार काय?”

त्याला आमच्या शास्त्राचा नियम कुणी शिकवला होता कोण जाणे. ज्या हाडावरून नाव द्यायचं ते हाड जगाला दाखवता आलं पाहिजे. नमुना नसेल तर नावही नाही. आणि उलट, हाड कपाटात राहिलं पण ज्या थरातून निघालं तो थर नाहीसा झाला, तर त्याचं वय कुणी सांगू शकणार नाही. ते नुसतं एक जुनं हाड राहील. हाड वाचवावं तर दरड गेली, दरड वाचवावी तर हाड गेलं. सरांची अख्खी उमर त्या दगडावर होती.

“सर, म्हणा माकड,” मी मातीत तोंड असतानाच म्हणाले. “नुसतं म्हणायचंय.”

सर त्या कवटीकडं बघत होते. मोडलेला हात त्यांनी दुसऱ्या हातात तान्ह्या पोरासारखा धरला होता.

“माणूस आहे,” ते म्हणाले.

“फोड,” दिगूअण्णा म्हणाला.

पाठीवरचा गुडघा निघाला. मी मान वर केली तेव्हा धनराज दगडापाशी दोन्ही पाय फाकवून उभा होता. घण वर गेला आणि खाली आला. सरांच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा आवाज मी त्यानंतर कुठल्याही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

हाडाचे तुकडे चहूकडं उडाले. एक माझ्या हाताशी येऊन पडला. मी बघत राहिले, कारण दगडावर काहीतरी शिल्लक होतं. नारळाची करवंटी फुटून आतला खोबऱ्याचा गोळा अखंड निघावा, तसा कवटीच्या आतला दगड उघडा पडला होता. पोकळीत भरलेली वाळू लाखो वर्षं आतून हाडाला चिकटून घट्ट झाली होती आणि आतल्या भिंतीवरचं सगळं तिनं उचलून घेतलं होतं. डावा भाग, उजवा भाग, मधली खाच. वळ्या अंधुक, पण शिरा स्पष्ट. खालून वर फुटत गेलेल्या, पावसाळ्यात शेतातून पाणी वाहून जातं तसे त्यांचे फाटे. तो मेंदू होता, दगडाचा.

धनराजनं पुन्हा उचललेला घण तसाच खांद्यावर राहिला.

“त्यालाबी फोड,” दिगूअण्णा म्हणाला.

धनराज खाली वाकला. त्यानं एक बोट पुढं केलं आणि त्या शिरेवरून हळूच फिरवलं. मग घण बाजूला ठेवून तो मटकन खाली बसला.

“काका, माणूस हाय ह्यो.”

“माकड हाय. फोड म्हणलं ना.”

“माणूस हाय. म्या बघितलाय.” त्याचा आवाज एकाएकी लहान पोरासारखा येऊ लागला. “अप्पा टिप्परखाली गेले तवा असंच व्हतं. हितं मधी अशीच खाच. अशाच शिरा. तुमीच मला म्हणलाव, फावड्यानं गोळा कर, पोलीस यायच्या आत. अप्पाचं म्या गोळा केलं, काका. मला ठाव हाय माणसाचं कसं असतंय.”

अप्पा म्हणजे त्याचा बाप, दिगूअण्णाचा थोरला भाऊ. हे मला नंतर कळलं. टिप्पर कुणाचा आणि चालवत कोण होतं तेही नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की दिगूअण्णाचा चेहरा बदलला. आमच्याशी बोलताना, आम्हाला मारायला लावताना तो चेहरा व्यवहार करणाऱ्या माणसाचा होता. आता तो घाबरलेल्या माणसाचा होता आणि घाबरलेला माणूस किती वाईट असतो ते मी तेव्हा पाहिलं.

“तोंड बंद कर. लोकं हाईत.”

“मारला तुमी त्याला. झोपला व्हता त्यो वाळूवर, आन् तुमी मागं बघितलंबी न्हाई.”

“धन्या.”

“न्हाई बघितलं. आन् आता ह्याला बी माकड म्हणायलाव.”

पहार दिगूअण्णाच्या हाताशीच मातीत रोवलेली होती. त्यानं ती उपटली कधी ते मी पाहिलं नाही. धनराज खालीच बसलेला होता, त्या मेंदूवर हात ठेवून, पाठमोरा. पहार त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसली. एकदाच.

तो पुढं कलंडला, जसा नमस्कार करताना माणूस वाकतो.

दिगूअण्णानं पहार टाकली. “ए धन्या,” तो म्हणाला. “ऊठ रं. ऊठ, लागलं न्हाई तुला.” त्यानं पुतण्याला उलथा केलं, मांडीवर घेतलं आणि त्याच्या गालावर चापट्या मारत तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. त्याचं धोतर भिजत गेलं.

मी धावले. आमच्याकडं औषधाची पेटी होती, पण ती धनराजनंच तंबूत तुडवली होती. माझ्या हाताशी होती ती हाडं गुंडाळायची सामग्री, गोणपाटाच्या पट्ट्या आणि ओले कागद. दरडीतून नाजूक हाड काढताना आधी ओल्या कागदाचा थर द्यायचा, मग पट्ट्या ओढून बांधायच्या, म्हणजे तुकडे जागच्या जागी राहतात. माझे हात तेच करू लागले. मी त्याच्या डोक्यावर ओला कागद बसवला, बोटांनी दाबला आणि पट्टी घेतली.

“कागद नको,” सर शेजारी गुडघ्यांवर बसत म्हणाले. “टेकाळे, तो जिवंत आहे. कागद काढ. पट्टी नुसती दाबून धर.”

मी कागद काढला आणि पट्टी दाबून धरली. माझ्या बोटांखाली हाड हलत होतं. याच पोरानं थोड्या वेळापूर्वी माझा दात पाडला होता, सरांचा हात मोडला होता. मला त्याचा राग यायला हवा होता. मी जोरजोरात रडत होते आणि तू मरू नकोस रे, मरू नकोस, असं त्याला म्हणत होते.

तहसीलदारांची जीप आली तेव्हा आम्ही चौघं असेच बसलेले होतो. ते खाली उतरले आणि तिथंच थांबले.

“दरडीवरनं पडलं पोरगं, साहेब,” दिगूअण्णा म्हणाला. तो मान वर करून बघतसुद्धा नव्हता. “खडक लागला डोक्याला.”

“पडला नाही,” सर म्हणाले. “यांनी मारलं. त्या पहारीनं.”

त्यांना चुकीचं ऐकवत नसे, हे मी वर सांगितलंच आहे. दिगूअण्णानं ते नाकारलं नाही.

जीपच्या मागच्या बाकावर मी धनराजचं डोकं मांडीवर घेऊन बसले. लातूरच्या अलीकडं कुठंतरी माझ्या हाताखालचं हलणं थांबलं. मी सांगितलं नाही कुणाला. दवाखाना येईपर्यंत पट्टी तशीच दाबून धरली.

दरडीला दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दोरी बांधली. ज्या उपशाला हाड थांबवू शकलं नसतं तो खुनानं थांबला. पुढं खटला चालला, दिगूअण्णाला शिक्षा झाली, पोकलेन उचलून नेलं आणि दोन हिवाळ्यांनी आम्हाला त्याच दरडीत एक मांडीचं हाड आणि दोन दाढा मिळाल्या. कवटीचे तुकडे मी गोळा करून जोडले. सांधे दिसतात, पण बसली बऱ्यापैकी. आता ती संग्रहालयात आहे आणि शेजारी काचेखाली तो दगडी मेंदू आहे. परदेशातले लोक येतात आणि जोडलेल्या कवटीपेक्षा त्यालाच जास्त वेळ बघतात. मग पाटी वाचतात आणि मला विचारतात. पाटीवर प्रजाती लिहिली आहे, ‘होमो’. जातीच्या जागी काही नाही. केळुसकरांसारख्या माणसानं जातीचं नाव दिलं नाही म्हणजे पुरावा कमी पडला का? की तुमच्या दोघांचं भांडण मिटलंच नाही? आजवर मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेत आले.

पुरावा कमी नव्हता. सरांचं म्हणणं बरोबर असावं, असं आता मलाही वाटतं. तो मागचा उंचवटा इरेक्टसमध्ये बसत नाही. सरांना हवं असतं तर ती नवी जात झाली असती, त्यांनी दिलेलं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं असतं आणि त्या नावासाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं.

त्याच दवाखान्यात, धनराजचं शव गावाकडं नेल्यावर, मी सरांच्या खाटेशी बसले होते. त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून पाटीवरचा मजकूर मी लिहून घ्यायचा होता. त्यांनी आधी ठिकाण सांगितलं, मग थर सांगितला.

“प्रजाती, होमो,” ते म्हणाले.

मी लिहिलं आणि थांबले. भांडायची माझ्यात ताकद नव्हती. ते जे नाव सांगतील ते मी निमूट लिहिणार होते.

“पुढं काही नाही,” सर म्हणाले.

“सर, जात?”

“नको.”

“पण तुमचं तर…”

“माझं राहू दे.” ते भिंतीकडं बघत होते. “आणखी चार वर्षं आपण दोघं त्यावर भांडलो असतो, टेकाळे, आणि तरी आपलं ठरलं नसतं. त्या पोरानं एकदा हात लावला आणि ओळखलं. त्याच्यापायी मेला तो. त्यानं जेवढं ओळखलं तेवढंच लिही.”

मी तेवढंच लिहिलं.